वाचकांच्या शंका : पुढची ओळ केव्हा सुरू व्हावी?

या वेळी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांची तक्रार एकाच जातीची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. स्क्रिप्टमधून, म्हणजे ओळीने आज्ञा लिहून ठेवलेल्या फाइलीतून (विंडोजवरची बॅच फाइल ही अशीच एक), बाहेरचा एखादा प्रोग्रॅम चालवला की तो संपण्याआधीच स्क्रिप्ट पुढे निघून जाते, किंवा क्वचित उलटे होऊन ती पुढे सरकतच नाही, अशी ती तक्रार आहे. आज्ञांची नावे या सदरात देवनागरीत छापली जातात. संगणकावर ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत टाइप करावीत.

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. रात्री दुकान बंद करताना मी विंडोजवर एक बॅच फाइल चालवतो. तिच्यात तीन कामे आहेत : हिशेबाच्या प्रोग्रॅमकडून सगळा डेटा एका फाइलीत काढून घेणे, ती फाइल सेव्हन-झिपने झिप करणे आणि झिप पेन ड्राइव्हवर कॉपी करणे. प्रत्येक काम ‘स्टार्ट’ लिहून सुरू केले आहे आणि दोन कामांच्या मध्ये ‘टाइमआउट’ देऊन ६० सेकंद ठेवले आहेत. दोन वर्षे काहीही अडचण आली नाही. यंदा हंगामात सौदे वाढले, त्यातच एके दिवशी संगणकाची डिस्क गेली, आणि बॅकअप उघडला तर आतली फाइल अर्धीच होती. त्याआधीच्या आठ दिवसांचे बॅकअपही तसेच निघाले. आता मी ६० चे १८० सेकंद केले आहेत. नेमके किती सेकंद ठेवले म्हणजे निर्धास्त राहता येईल?
(एक अडत दुकानदार, सांगली)

उत्तर : सेकंदांचा कोणताही आकडा आपल्याला निर्धास्त करू शकणार नाही. आज १८० पुरतील, पुढच्या हंगामात डेटा वाढला किंवा त्याच वेळी विंडोजचे अपडेट सुरू झाले तर ते पुन्हा कमी पडतील, आणि एरवी ज्या दिवशी काम २० सेकंदांत आटोपते त्या दिवशी उरलेले १६० सेकंद आपण दुकानाचे शटर अर्धे ओढून उगाच उभे राहाल. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीत यायला किती तास लागतील, याचे अंदाज पावसाळ्यात घरोघरी सांगितले जातात. पण सामान वरच्या मजल्यावर हलवायचे की नाही हे ठरवताना सांगलीकर घड्याळाकडे पाहत नाही, तो आयर्विन पुलाजवळची पातळी किती फूट झाली हे विचारतो, कारण ४५ फुटांची धोक्याची खूण त्याला तोंडपाठ असते. आपल्या बॅच फाइलीनेही घड्याळ न पाहता पातळी पाहावी, एवढाच बदल आपल्याला करायचा आहे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. आपल्या फाइलीतला दोष ६० या आकड्यात नसून ‘स्टार्ट’ या शब्दात आहे. ‘स्टार्ट’चा अर्थच असा आहे की समोरचा प्रोग्रॅम सुरू करून द्यावा आणि त्याची वाट न पाहता पुढच्या ओळीवर जावे. तो शब्द काढून प्रोग्रॅमचे नाव थेट लिहिले, तर बॅच फाइल आपोआप थांबते. मग तो प्रोग्रॅम काळ्या पडद्यावर चालणारा असो की स्वतःची खिडकी उघडणारा असो. येथे बहुतेकांचा गैरसमज होतो, आणि तो होण्याला कारणही तसेच आहे. काळ्या पडद्यावर हाताने आज्ञा देऊन खिडकीवाला प्रोग्रॅम सुरू केला, तर विंडोज त्याच्यासाठी थांबत नाही आणि आज्ञेची खूण लगेच परत दिसते. ते पाहून माणूस समजतो की बॅच फाइलीतही असेच होणार. प्रत्यक्षात बॅच फाइलीत नियम वेगळा आहे आणि तेथे थेट लिहिलेल्या प्रोग्रॅमची वाट पाहिली जाते. त्यामुळे हाताने करून पाहिलेल्या प्रयोगावरून बॅच फाइलीबद्दल निष्कर्ष काढू नये.

‘स्टार्ट’ ठेवणे काही कारणाने आवश्यकच असेल, उदाहरणार्थ प्रोग्रॅमची खिडकी खाली दडवून ठेवायची असेल, तर ‘स्टार्ट /वेट’ असे लिहावे. मात्र त्यात एक जुनी खोड आहे. प्रोग्रॅमच्या पत्त्यात मोकळी जागा असल्यामुळे आपण तो अवतरणचिन्हांत लिहितो, आणि ‘स्टार्ट’ अवतरणचिन्हांत आलेली पहिली गोष्ट खिडकीचे शीर्षक समजतो. परिणामी प्रोग्रॅम सुरूच होत नाही, नुसती एक रिकामी काळी खिडकी उघडते. म्हणून आधी रिकामी अवतरणचिन्हे आणि मग पत्ता, असा क्रम ठेवावा : ‘स्टार्ट /वेट "" "प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता"’. आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो. आपल्या तीन कामांपैकी एखादे काम ही स्वतःच दुसरी बॅच फाइल असेल, तर तिच्या आधी ‘कॉल’ लिहायला विसरू नये. ‘कॉल’ नसेल तर नियंत्रण त्या दुसऱ्या फाइलीकडे जाते आणि परत येतच नाही. मग झिप अर्धवट होण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण झिप होतच नाही.

एवढे केल्यावर बहुतेकांचे काम होते. आपले होईलच असे मी म्हणणार नाही, कारण हिशेबाचे काही प्रोग्रॅम दोन तुकड्यांत असतात. आपण ज्याला प्रोग्रॅम म्हणून हाक मारतो तो नुसता निरोप्या असतो. तो खऱ्या कामकऱ्याला उठवून स्वतः लगेच निघून जातो, आणि बॅच फाइल निरोप्या गेला म्हणजे काम संपले असे समजते. हे ओळखण्याची रीत सोपी आहे. ‘स्टार्ट /वेट’च्या पुढच्या ओळीत ‘एको’ने एखादा शब्द छापावा आणि प्रोग्रॅमचे काम चालू असतानाच तो शब्द पडद्यावर येतो का, ते पाहावे. येत असेल तर पॉवरशेल या विंडोजमधल्याच दुसऱ्या आज्ञा-प्रोग्रॅममधील ‘स्टार्ट-प्रोसेस’ ही आज्ञा ‘-वेट’ या पर्यायासह वापरावी, कारण ती त्या प्रोग्रॅमसाठीच नव्हे, तर त्याने पुढे सुरू केलेल्या सगळ्या पोटप्रोग्रॅमांसाठीही थांबते. ‘वेट-प्रोसेस’ नावाची तिची बहीण मात्र फक्त नेमून दिलेल्या प्रोसेससाठी थांबते. नावे सारखी असल्यामुळे येथे घोटाळा होतो.

याहून अवघड प्रकार म्हणजे खरे काम आधीपासून मागे चालू असलेल्या डेटाबेस सर्व्हरने करणे. तो सर्व्हर आपल्या बॅच फाइलीने सुरू केलेला नसतो आणि काम संपल्यावर तो बंदही होत नाही, म्हणून त्याच्या संपण्याची वाट पाहण्याला अर्थ नाही. अशा वेळी कामाचा पुरावा शोधावा लागतो. प्रोग्रॅम काम पूर्ण झाल्याची नोंद एखाद्या लॉग फाइलीत लिहीत असेल, तर त्या नोंदीइतका चांगला पुरावा दुसरा नाही. तशी सोय नसेल, तर दर ५ सेकंदांनी तयार होणाऱ्या फाइलीचे नाव बदलून पाहावे. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हातात असलेल्या फाइलीचे नाव विंडोज सहसा बदलू देत नाही, म्हणून नाव बदलले गेले की फाइल मोकळी झाली असे धरता येते. जो प्रोग्रॅम फाइल पुन्हा पुन्हा उघडून तुकड्यातुकड्याने लिहितो, त्याच्या बाबतीत ही युक्ती फसते, हे आधी तपासून घ्यावे. फेऱ्यांना मर्यादाही घालावी. १२० फेऱ्या म्हणजे १० मिनिटे झाली आणि तरी फाइल मोकळी झाली नाही, तर पडद्यावर स्पष्ट सूचना देऊन थांबावे. येथे ‘टाइमआउट’ वापरण्याला माझी हरकत नाही, कारण येथे तो दोन वेळा पाहण्याच्या मधला विसावा आहे, पाहण्याऐवजी नाही. आणि हे सगळे सुरू करण्याआधी कालची फाइल पुसून टाकावी, नाही तर पहिल्याच फेरीत कालची फाइल सापडेल आणि आपली बॅच फाइल समाधानाने पुढे जाईल.

आतापर्यंत आपण काम संपले की नाही एवढेच पाहिले. ते नीट झाले की नाही, हे वेगळे आहे. आपल्या धंद्यात मापाड्याची वजनाची चिठ्ठी हातात आल्याशिवाय शेतकऱ्याची पट्टी होत नाही. काटा थांबला एवढ्यावर कोणी पट्टी लिहीत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमही संपताना अशी एक चिठ्ठी देतो, ती म्हणजे एक संख्या, आणि बॅच फाइलीत ती ‘एररलेव्हल’मध्ये मिळते. बहुतेक प्रोग्रॅमांत ० म्हणजे काम नीट झाले. ‘इफ एररलेव्हल १’ याचा अर्थ ‘१ असेल तर’ असा नसून ‘१ किंवा त्याहून अधिक असेल तर’ असा आहे, हे लक्षात ठेवावे. सेव्हन-झिप ० दिले तर काम नीट झाले, १ दिले तर काही फाइली वाचता आल्या नाहीत अशा स्वरूपाचा इशारा असतो, आणि २ म्हणजे काम बिघडले. बॅकअपच्या बाबतीत मी १ सुद्धा बिघाडच मानतो, कारण जी फाइल हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या हातात अडकलेली असते, तीच नेमकी आपल्याला हवी असते. पेन ड्राइव्हवर कॉपी करण्यासाठी रोबोकॉपी ही विंडोजची आज्ञा वापरत असाल, तर मात्र हा हिशेब उलटतो. तेथे १ म्हणजे फाइली व्यवस्थित कॉपी झाल्या, ० म्हणजे कॉपी करण्यासारखे काही नव्हते, आणि बिघाड ८ पासून पुढे सुरू होतो. रोबोकॉपीनंतर ‘इफ एररलेव्हल १’ लिहून रोज रात्री विनाकारण घाबरणारे लोक मी पाहिले आहेत. तेथे ८ लिहावे.

आपण विचारलेले नाही, पण पुढच्या पत्रात विचाराल म्हणून आताच लिहितो : सेव्हन-झिपच्या ‘टी’ या आज्ञेने झिप तपासली असती, तरी आठ दिवसांचा हा प्रकार उघडकीला आला नसता. झिपमध्ये काही दोष नव्हता. तिला अर्धी फाइल मिळाली आणि तिने ती अर्धी फाइल इमानाने बांधून ठेवली. तपासणी पहिल्या पायरीवरच व्हायला हवी, आणि महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटच्या दिवसाच्या पट्ट्या त्यात दिसतात का, हे डोळ्यांनी पाहायला हवे.

प्रश्न : घरातल्या जुन्या मोडी कागदपत्रांची सुमारे ४०० छायाचित्रे मी लिनक्सवर इमेजमॅजिकने लहान करतो आणि शेवटी त्यांची एक पीडीएफ बनवतो. वेळ वाचावा म्हणून फाइलींची यादी ‘एलएस’ने काढून ती पाइपने ‘व्हाइल रीड’ला दिली आहे, आत प्रत्येक रूपांतर ‘&’ लावून मागे सोडले आहे, आणि ‘डन’नंतर ‘वेट’ लिहिले आहे. तरीही पीडीएफमध्ये दर वेळी वेगवेगळी पाने गायब असतात. ‘वेट’ काम का करत नाही?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : ‘वेट’ त्याचे काम चोख करत आहे, ज्यांच्यासाठी थांबायचे ती कामे त्याच्या पदरची नाहीत. शेलमधला, म्हणजे आपल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला, ‘वेट’ फक्त त्या शेलने स्वतः सुरू केलेल्या कामांसाठी थांबू शकतो. बॅश या शेलमध्ये पाइपच्या उजव्या बाजूला आलेले ‘व्हाइल’ एका वेगळ्या, उपशेलमध्ये चालते. आपली ४०० कामे त्या उपशेलने सुरू केली, यादी संपताच तो उपशेल निघून गेला, आणि मागे राहिलेली कामे पोरकी झाली. ‘डन’च्या खाली उभा असलेला मूळ शेल ‘वेट’ म्हणतो, स्वतःकडे पाहतो, आपले कोणीच बाकी नाही हे त्याला दिसते, आणि तो तत्काळ पीडीएफकडे वळतो. झेड-शेलमध्ये पाइपचा शेवटचा भाग मूळ शेलमध्येच चालत असल्यामुळे हीच ओळ तेथे बरोबर चालते, म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर चालली एवढ्यावर विश्वासू नये.

पाइप काढून ‘फॉर’ वापरावे आणि फाइलींची नावे त्याला चांदणीच्या चिन्हाने थेट द्यावीत. मग कामे मूळ शेलची होतात आणि ‘वेट’ त्यांच्यासाठी थांबतो. पण याने दुसरी अडचण सुटत नाही. कोणत्याही कामाचा क्रमांक न देता नुसते ‘वेट’ लिहिले, तर सगळी कामे संपल्यावर ते ० परत करते, मग त्यांतली दहा कामे फसलेली असली तरी. प्रत्येक काम सोडल्यावर ‘$!’ मधला क्रमांक एका यादीत साठवावा आणि नंतर एकेका क्रमांकासाठी ‘वेट’ करावे, म्हणजे प्रत्येक कामाचा निकाल वेगळा हाती येतो.

खरे सांगायचे तर आपल्या कामासाठी मी हे काहीच करणार नाही. ४०० रूपांतरे एकदम सोडली तर ती मेमरीसाठी एकमेकांशी झगडतात आणि एकूण वेळ वाढण्याचीच शक्यता अधिक असते. ‘एक्सआर्ग्स’ला ‘-पी ४’ हा पर्याय (यातला ‘पी’ मोठ्या रोमन अक्षरात) दिला की ते एका वेळी चारच कामे चालू ठेवते, एक संपले की पुढचे घेते, आणि सगळी संपेपर्यंत स्वतःच थांबते; ‘-एन १’ दिल्यावर एका कामाला एकच फाइल जाते. त्यांतले एखादे रूपांतर नेहमीच्या चुकीच्या निकालाने संपले, तर ‘एक्सआर्ग्स’ शेवटी १२३ हा निकाल देते. त्याच्यापुढे ‘&&’ लिहून पीडीएफची आज्ञा जोडली, की अपुऱ्या पानांची पीडीएफ बनणारच नाही. फाइलींच्या नावांत मोकळ्या जागा असतील, आणि घरगुती छायाचित्रांत त्या असतातच, तर यादी ‘फाइंड’च्या ‘-प्रिंट०’ने काढून ‘एक्सआर्ग्स’ला ‘-०’ द्यावे.

प्रश्न : मी सांगलीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पायथनमध्ये ‘पोपेन’ने एक प्रोग्रॅम सुरू करतो, त्याचे आउटपुट ‘पाइप’कडे घेतो आणि ‘वेट’ करतो. लहान इनपुटवर सगळे नीट चालते. मोठ्या इनपुटवर मात्र स्क्रिप्ट कायमची अडकते, आणि तोच प्रोग्रॅम हाताने चालवला तर ४ सेकंदांत संपतो.
(एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : येथे दोघेही एकमेकांसाठी खोळंबलेले आहेत. प्रोग्रॅमचे आउटपुट ज्या पाइपात जमा होते, त्याची क्षमता लिनक्सवर साधारणपणे ६४ किलोबाइट, म्हणजे ६५,५३६ बाइट असते. तेवढे भरले की प्रोग्रॅम लिहिता लिहिता थांबतो आणि कोणी तरी पाइप रिकामा करण्याची वाट पाहतो. आपली स्क्रिप्ट मात्र तो संपल्याशिवाय पाइपाला हात लावायचा नाही, असे ठरवून बसलेली असते. लहान इनपुटचे आउटपुट ६४ किलोबाइटच्या आत राहते, म्हणून तेव्हा हा पेच दिसत नाही. ‘वेट’ऐवजी ‘कम्युनिकेट’ वापरावे, कारण ते वाचणे आणि थांबणे ही दोन्ही कामे एकदम करते. त्याहून सोपे म्हणजे पायथन ३.५ पासून असलेले ‘सबप्रोसेस.रन’ वापरणे, ते मुळातच थांबणारे आहे, आणि ‘पोपेन’कडे जाण्याची गरज फार थोड्यांना असते. आउटपुट कित्येक गिगाबाइटचे असेल, तर ते मेमरीत घेण्याऐवजी थेट फाइलीत वळवावे. ‘सबप्रोसेस.रन’ला ‘टाइमआउट’ हा पर्यायही जरूर द्यावा, म्हणजे मुदत संपताच तो प्रोग्रॅम बंद केला जाईल आणि स्क्रिप्टला त्रुटी कळेल. मात्र त्या प्रोग्रॅमने आणखी काही प्रोग्रॅम सुरू केले असतील, तर ते मागे चालूच राहू शकतात.

प्रश्न : आमच्या कार्यालयात व्हीबीस्क्रिप्टची एक जुनी फाइल आहे. तिच्यातील ‘रन’ ही आज्ञा प्रोग्रॅम संपण्याची वाट पाहत नाही, आणि तिच्याकडून मिळणारा निकाल नेहमी ० असतो, प्रोग्रॅम फसला तरीही.
(एक कर्मचारी, मिरज)

उत्तर : ‘रन’ला तीन गोष्टी देता येतात : आज्ञा, खिडकीचा प्रकार आणि थांबायचे की नाही. तिसरी गोष्ट दिली नाही तर ‘फॉल्स’ धरली जाते, स्क्रिप्ट थांबत नाही, आणि न थांबल्यामुळे खरा निकाल कळण्याचा मार्ग नसल्याने ० परत येतो. त्या ० चा ‘काम नीट झाले’ याच्याशी काही संबंध नाही. तिसऱ्या जागी ‘ट्रू’ लिहावे, म्हणजे दोन्ही तक्रारी एकाच वेळी मिटतील. व्हीबीस्क्रिप्ट विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढून टाकणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केले आहे, त्यामुळे फाइल उघडलीच आहे तर ती पॉवरशेलमध्ये उतरवून घ्यावी. तेथे ‘स्टार्ट-प्रोसेस’ला ‘-वेट’ आणि ‘-पासथ्रू’ हे दोन्ही पर्याय एकत्र दिले की जी वस्तू परत मिळते, तिच्या ‘एक्झिटकोड’मध्ये प्रोग्रॅमचा खरा निकाल असतो.